आपण म्हणजे कोण

बैलाला 'अहो' म्हणणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात मी एकच पाहिला, आणि तो आमच्या घरासमोर राहत असे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, मोठे हुकूम नागपुराहून येत आणि अकोल्याची माणसे सरकी काढणाऱ्या जिनांच्या भोंग्यावर उठत आणि जेवत. आमच्याकडची बोली मुळातच सडेतोड. लेक बापाला 'तू' म्हणतो, म्हातारा गडीसुद्धा मालकाला 'तू' म्हणायला फारसा कचरत नाही, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. अशा गावात हे मिशनातले उपदेशक मास्तर नगर जिल्ह्यातून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी भर रस्त्यात एका बैलाशी अदबीने बोलून दाखवले. कापसाची गाडी आमच्या दाराशी रुतली होती आणि गाडीवान बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होता. मास्तर छत्री मिटून पुढे झाले, बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, जरा जोर करा ना. मागची मंडळी खोळंबली आहेत." गाडीवानाने पराणी टोचली म्हणून असेल किंवा बैल चकित झाला म्हणून असेल, गाडी निघाली. गाडीवान जाता जाता म्हणाला, "मास्तर, हा बैल तुमचा जावई हाये काय?" त्या दिवसापासून बाजारात त्यांचे नाव 'आवोमास्तर' पडले. खरे नाव मिशनाच्या दप्तरात असेल. आम्हाला ते कधी लागले नाही.

मास्तर उंच, सावळे आणि इतके किडकिडीत होते की गळाबंद काळा कोट त्यांनी घातला आहे की त्यांच्यावर वाळत टाकला आहे, असा प्रश्न पडे. डोक्याला पागोटे आणि हातात छत्री. छत्रीची मूठ सुतळीने बांधलेली होती आणि ती उघडताना एक काडी हमखास शेजाऱ्याच्या डोळ्याकडे धावे, तरी बाराही महिने ती त्यांच्या हाती असायचीच. त्यांचे काम नेमके काय हे सांगणे कठीण आहे. मिशनाच्या मते ते येशूची सुवार्ता सांगायला नेमलेले होते. प्रत्यक्षात ते दिवसभर कापूस बाजारातल्या वाया गेलेल्या पोरांमागे हिंडत. चौदा-पंधरा वर्षांची पोरे, कोणी घरून पळालेली, कोणाचे घरच उरलेले नाही. उभ्या गाड्यांतून कापूस उपसणारी, स्टेशनावर गठुडी लांबवणारी आणि चिलमीच्या एका झुरक्यावरून एकमेकांवर चाकू काढणारी. रोज सकाळी प्रार्थना आटोपली की मास्तर पोलीस चौकीवर जात आणि लग्नघरी पाहुण्यांची चौकशी करावी तसे विचारत, "आमच्यापैकी कोणी मंडळी आली आहेत का?" हवालदारही आता सरावला होता. तो म्हणे, "आली ना मास्तर. दोघं रातच्यानं आले, एक आता पहाटंच. मुक्काम हाये त्याहिचा." मग मास्तर कोठडीच्या गजांपाशी उकिडवे बसून एकेकाची विचारपूस करीत. एकदा बाजारात पेटीवर त्यांचे भजन चालू असताना कोणीतरी दगड भिरकावला. मास्तरांनी गाणे थांबवले, दगड उचलला आणि गर्दीतल्या एका दांडग्या पोरापाशी जाऊन त्याच्या हातात परत दिला. म्हणाले, "अहो, नेम आपला उत्तम आहे. पण पेटी उसनी आणलेली आहे, तेवढं सांभाळा." तो पोरगा नंतर आठवडाभर पेटीजवळ कोणाला फिरकू देईना. सगळेच असे सुधारत होते असे मात्र कोणी समजू नये. बहुतेक पोरे चार दिवस मास्तरांभोवती घुटमळत आणि पुन्हा मूळपदावर जात, आणि मास्तर पुन्हा चौकीवर जात.

'अहो'च्या पाठोपाठ त्यांचे 'आपण' येई, आणि त्याने मात्र घोटाळे होत. नगर-पुण्याकडे समोरच्याला फारच मान द्यायचा तर त्याला 'आपण' म्हणतात. आमच्या वऱ्हाडात 'आपुन' म्हणजे तू आणि मी मिळून, दुसरा अर्थ कोणाला ठाऊक नाही. माझी पत्नी पहिलटकरीण होती तेव्हा मास्तरांनी ओसरीवर उभे राहून अगत्याने विचारले, "वहिनी, आपण माहेरी कधी जाणार?" आतून माझी आई कडाडली, "मास्तर, सून जाईन तिच्या माहेरी. तुमी कावून जाता?" पत्नी पदर तोंडात कोंबून आत पळाली. मास्तरांना त्यातला विनोद समजला नाही. ते आईला म्हणाले, "नाही, नाही, मला इथं पुष्कळ काम आहे," आणि आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे कोणी गावाला निघाले की हे वाक्य म्हटले जाई.

साऱ्या सृष्टीला अहोजाहो करणारे मास्तर एकालाच 'तू' म्हणत, आणि तो म्हणजे देव. त्यांची खोली आमच्या खिडकीसमोर असल्यामुळे त्यांच्या प्रार्थना आमच्याही कानी पडत. प्रार्थना कसली, घरातल्या कर्त्या माणसाची केलेली कानउघाडणीच ती. "बापा, काल तू कुठं होतास? मिसरूड न फुटलेल्या भिकाजीरावांना पुन्हा दारू पाजली कोणी तरी. तू पाहिलंस आणि गप्प बसलास." मी तेव्हा नवा वकील होतो आणि प्रत्येक गोष्टीत विसंगती शोधणे हे आपले कर्तव्य समजत असे. मी एकदा त्यांना छेडले, "मास्तर, चोरांना अहोजाहो आणि देवाला अरेतुरे, हा कुठला धर्म?" ते हसले. म्हणाले, "देवाला मान देणारे पुष्कळ आहेत, वकीलसाहेब. माझ्यावाचून त्याचं अडत नाही. आणि 'तू' अगदी आपल्या माणसाला म्हणायचं असतं. तेवढं माझं आता दुसरं कोणी उरलं नाही." त्यांची बायको आणि तान्हे मूल नगरला प्लेगात गेल्याचे मला ठाऊक होते. मग त्यांनी आपण होऊन सांगितले, "आमचं घर गावकुसाबाहेर. माझ्या बापाला उभ्या गावात पोरसोरंसुद्धा 'अरे' म्हणत, मग मला कोण काय म्हणणार? 'ए' हेच माझं नाव होतं. एकदा मी बाभळीखाली बसलो होतो. मिशनातले एक उपदेशक उन्हातून आले आणि म्हणाले, 'अहो, जरा पाणी देता का?' वकीलसाहेब, मी मागं वळून पाहिलं. म्हटलं, हा कोणाला म्हणतोय? मागं कोणी नव्हतं. नुसती बाभळ होती." एवढे सांगून त्यांनी छत्री उचलली आणि ते बाजाराकडे निघून गेले. त्यानंतर मी त्यांच्या व्याकरणाची थट्टा केली नाही.

संध्याकाळी कापूस बाजारामागच्या चिंचेखाली त्यांची बैठक भरे. मास्तर झोळीतून फुटाणे आणि गूळ आणीत, आणि पोरे येशूपेक्षा फुटाण्यांसाठी येतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. फुटाणे वाटून झाले की ते गोष्ट सांगत. हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यांची फार आवडती. शंभरातले एक मेंढरू हरवते, मेंढपाळ नव्व्याण्णव मागे सोडून त्या एकाला शोधायला रानात जातो आणि खांद्यावर घेऊन येतो. सांगता सांगता मास्तरांचे डोळे भरून येत. एकदा ते असेच सद्गदित झाले असताना दौल्या नावाचा पोरगा गूळ चघळत म्हणाला, "मास्तर, मंग बाकीचे नव्व्यान्नव कोनाच्या भरवशावर सोडले त्यानं? आमी तिथं असतो तं समदे लंपास केले असते ना." पोरे खिदळली. मास्तरही हसले, पण पुढे दोन दिवस ते माझ्याकडे येऊन, "तुमच्या कायद्यात काय सांगितलं आहे हो?" असे विचारत राहिले.

हा दौल्या पंधरा वर्षांचा असेल. आई जिनात कामाला होती, ती खोकून खोकून मेली, बापाने दुसरे लग्न केले आणि बडनेऱ्याकडे निघून गेला. दौल्या बाजारातल्या ओट्याखाली झोपे. त्याच्या बोटांत विलक्षण कसब होते. बंद पडलेला कंदील असो, कुलूप असो की दुसऱ्याचा खिसा, त्याने हात लावला की ते उघडलेच. मास्तर त्याला 'दौलतराव' म्हणत आणि त्या हाकेला सुरुवातीला तो ओच देत नसे, कारण हाक आपल्याला आहे हे त्याच्या लक्षातच येत नसे. त्याला माणसात आणायचाच असा मास्तरांनी मनाशी धरलेला हट्ट होता. रोज पहाटे खिडकीतून ऐकू येई, "बापा, दौलतरावांचं तेवढं बघ. तुझ्याकडे मी दुसरं काही मागत नाही." तासाभरात ते दुसरे काहीतरी मागतच.

त्या वर्षी ऐन हंगामात बैठकीतला एक पोरगा पळाला, आणि तो अमरावतीला दिसल्याची खबर मास्तरांना लागली. खबर मिळताच ते कोणालाही न सांगता स्टेशनावर गेले. तीन दिवस अमरावतीच्या बाजारात आणि धर्मशाळांतून हिंडून त्यांनी त्या पोराला हुडकून काढले. इकडे चिंचेखाली पोरे रोज संध्याकाळी जमत, अंधार होईपर्यंत बसत आणि उठून जात. तिसऱ्या दिवशी दौल्याने एका जिनात शिरून यंत्राचा चामडी पट्टा कापला. चांभार असले कातडे डोळे झाकून घेतात. पण पट्टा चालू यंत्राचा निघाला, जिन अर्धा दिवस बंद पडले, मालक खवळला आणि दौल्या संध्याकाळच्या आत कोठडीत आला. मास्तर सापडलेल्या पोराला घेऊन उतरले ते स्टेशनावरून थेट चौकीवरच. गजांपाशी उकिडवे बसून त्यांनी विचारले, "दौलतराव, आपण चोरी केली?" हवालदाराने मला नंतर सांगितले की आदल्या दिवशी मार खाऊनही टिपूस न काढलेला तो पोरगा हे ऐकून भिंतीकडे तोंड करून रडला.

वकीलपत्र अर्थातच माझ्या गळ्यात पडले. प्रकरण सोपे नव्हते. दौल्या याआधी दोनदा दम देऊन सोडलेला होता, मालकाला त्याच्या शिक्षेने इतरांवर जरब बसवायची होती, आणि गुन्हा शाबीत झाला तर त्याची रवानगी जबलपूरच्या पोरांच्या तुरुंगशाळेत ठरलेली. तिथून परत आलेली दोन पोरे मी पाहिली होती. गेली तेव्हा ती खिसे कापत, आली तेव्हा ती माणसे कापायच्या गोष्टी करीत. मास्तरांनी आठवडाभर नीट जेवण केले नाही. मी दौल्याला पढवून ठेवले की, कापताना कोणी पाहिलेले नाही, म्हणून काही विचारले तरी 'मी केली नाही' एवढेच म्हण. तो मान हलवीत होता. मॅजिस्ट्रेट वयस्क, तुटक बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "काय रे, पट्टा तू चोरलास?"

दौल्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा मागच्या बाकावर बसलेल्या मास्तरांकडे पाहिले आणि म्हणाला, "आपुन चोरला, सायेब."

"आपण म्हणजे कोण?"

"मी अन् मास्तर."

कोर्टात हशा पिकला. सरकारी बाजू मांडणारा कोर्ट-फौजदार मात्र हसला नाही, तो कान टवकारून उभा राहिला. दौल्या घाबरला, पण मागे हटेना. "चौकीत मास्तरच म्हने, 'दौलतराव, आपण चोरी केली.' आजवरी समदे मले म्हनत, तू केली, तू केली. मास्तर म्हने आपुन केली. आता मी नाई म्हनलं तं मास्तर खोटे पडते ना, सायेब."

मी घाईने उठलो. नगरकडची भाषा, आदरार्थी सर्वनाम, आरोपीचा गैरसमज, सगळे मुद्दे माझ्या जिभेवर तयार होते. एवढ्यात मागून कोणीतरी माझा कोट ओढला. "वकीलसाहेब, बसा," मास्तर म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. छत्री त्यांनी बाकावर ठेवली नव्हती, ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"महाराज, वकीलसाहेब व्याकरण सांगतील, ते बरोबरच असेल. पण दौलतराव म्हणतात तेही खरं आहे. ही मुलं तीन संध्याकाळी माझी वाट पाहत बसली. मी एका मुलाला शोधायला अमरावतीला गेलो होतो, आणि यांना शब्दानंही सांगितलं नव्हतं. बाकीची मेंढरं कोणाच्या भरवशावर सोडली, असं यांनी मला आधीच विचारून ठेवलं होतं. मी उत्तर दिलं नाही. सुरी यांच्या हातात होती, पण यांना उपाशी मी ठेवलं. आपण केली, महाराज. दोघांनी मिळून."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. मग दौल्याला विचारले, "मास्तरांच्या हवाली केलं तर त्यांच्याजवळ राहशील? पळणार नाहीस?"

दौल्या म्हणाला, "राहीन. मी पयालो तं मास्तर मले शोधत हिंडन, अन् बाकीचे पोट्टे उपाशी रायतीन."

चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेऊन दौल्याला मास्तरांच्या स्वाधीन केले. खाली मास्तरांनी सही केली आणि त्यांच्या सहीशेजारी दौल्याने अंगठा उमटवला. माझ्या वकिलीतला तो पहिला विजय, आणि त्यात माझा वाटा असला तर एवढाच की कोट ओढल्यावर मी खाली बसलो.

पण बाजार तो बाजार. तिसऱ्या प्रहरापर्यंत अर्ध्या गावात झाले की आवोमास्तराने भर कोर्टात चोरी कबूल केली, आणि दिवेलागणीला पट्टा मास्तरांनी स्वतःच कापला होता. मिशनातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर ते गेले. ती माणसे वाईट नव्हती, पण उपदेशकाने चोर म्हणून गाजावे हे त्यांना परवडणारे नव्हते. मास्तरांचे उपदेशाचे काम काढून घेतले आणि त्यांची अमरावतीला मिशनाच्या आवाराची देखरेख करायला बदली झाली. झाडांना पाणी घालायचे आणि फाटक लावायचे. मी संतापलो, अर्ज लिहू म्हणालो. मास्तर म्हणाले, "असू द्या हो. फाटक लावायला सांगितलं आहे, उघडायला नको असं कुठं म्हटलं आहे?" ते निघाले त्या दिवशी बाजारातली सारी पोरे स्टेशनावर आली. ज्यांच्या भीतीने उतारू गठुडी मांडीखाली घेऊन बसत, त्यांनी मास्तरांची ट्रंक डोक्यावरून नेऊन डब्यात ठेवली आणि तिचे कुलूपसुद्धा जागेवर राहिले. दौल्या धुतलेला सदरा घालून मास्तरांच्या शेजारी बसला होता. गाडी हलताना मास्तर खिडकीतून म्हणाले, "वकीलसाहेब, संध्याकाळी चिंचेखाली आपण बसणार ना?" आपण म्हणजे कोण, हे विचारायची सोय उरली नव्हती. मी फुटाणे घेऊन तिथे जाऊ लागलो. गोष्ट मला सांगता येत नसे, म्हणून मी पोरांना कोर्टातले खटले सांगे, आणि त्यांना ते फार आवडत.

पुढे अपिलांच्या निमित्ताने मी अमरावतीला जाई तेव्हा मास्तरांकडे उतरत असे. आवाराचे फाटक सताड उघडे असे आणि आत दहाबारा पोरे पाणी घालण्याऐवजी एकमेकांना भिजवीत असत. दौल्या चिखलदऱ्याला जाणाऱ्या मोटारी दुरुस्त होत त्या कारखान्यात फिटर झाला होता, मिशी राखून होता आणि मास्तरांशी अदबीने 'तुमी' म्हणून बोलत होता. मास्तरांच्या बोलण्यातही फरक पडला होता. 'अहो' तसेच होते, पण 'आपण' ते आता वऱ्हाडी अर्थानेच वापरीत. कोणी पोरगा मारामारी करून आला की विचारत, "अहो, आज आपण कोणाला मारलं?" आणि औषध लावायला बसत. मास्तरांचे पाय थकल्यावर चौकीवर सकाळचा फेरा दौल्या घालू लागला. त्या फेऱ्यापायी त्याला कामावर उशीर होई आणि मिस्तरीच्या शिव्या खाव्या लागत. तो मला म्हणाला, "खातो ना शिव्या. कोनी तं जाले पायजे."

मास्तर गेल्याचे मला उशिरा कळले. मी पोहोचलो तेव्हा माती देऊन आठवडा झाला होता. दौल्या मला त्यांच्या खोलीत घेऊन गेला. बाज उभी करून ठेवली होती आणि खुंटीला ती छत्री होती. आम्ही खाली जमिनीवर बसलो. शेवटी काही बोलले का, असे मी विचारले. दौल्याच्या हातांना कारखान्यातले वंगण लागलेले होते. ते तो फडक्याला पुसत राहिला.

"दोन दिवस बोलतच नोयते," तो म्हणाला. "तिसऱ्या दिशी मी कामावरून आलो, पायापाशी बसलो. डोये मिटूनच होते. अन् एकदम म्हने, 'जेवलास का तू?' वकीलसायेब, इतक्या वरसात त्याहिनं मले कदी तू नाई म्हनलं. मायबापावानी सांभायलं, पन तू नाई म्हनलं. त्याहिचा 'तू' कोन, मले मालूम होतं ना. रोज पाहाटं आयकत होतो मी. म्या मांगं वयून पायलं, देव आला काय म्हून."

बाहेर पोरे फाटकावर झोके घेत होती, फाटक करकरत होते.

"मांगं कोनी नोयतं," दौल्या म्हणाला. "खुंटीले छत्री होती. तवा मले समजलं. मंग म्या बी म्हनलं, 'जेवलो, मास्तर. तू झोप आता.'"